आधी न्हाणं, मग कातर

माझं नाव लता. माहेर पाटोद्याच्या अंगाला एका वाडीवर, सासर हे इथं, नांदूरघाटच्या शिवारात, वस्तीवर. बाप मेंढरं राखायचा, नवरा बी मेंढरं राखतो, म्हणजे जन्मले तवापासून लोकरीचा वास नाकात हाय. नववीपर्यंत शिकले, पुढं लग्न झालं. आता शाळेत पोरांना खिचडी शिजवते, त्याला अठरा वर्षं झाली. आन एक खोड हाय मला, ती आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मला यादी केल्याशिवाय चैन पडत न्हाई. तांदूळ किती भिजवायचा, डाळ कोणत्या डब्यात, कोणत्या पोराला शेंगदाणा चालत न्हाई, सगळं लिहून भिंतीला लावते. मालक म्हणतेत, हिला स्वर्गात नेलं तरी ही दारात उभी राहून आधी यादी मागंल. मालकांचं नाव अंकुश, एकदाच घेते, तुमाला लिवायला लागतं म्हणून.

तुमी ज्याच्यासाठी आलात तो माझा धाकटा दीर, बिभीषण. मी भावजी म्हणते पण अरेतुरेच करते, माझ्याहून तीन वर्षांनी लहान हाय. लग्न होऊन आले तवा दारात ओवाळायला बायांची गर्दी, सगळ्या माझ्या तोंडाकडं बघायलेल्या, आन हा सोळा वर्षांचा गडी खाली बसून माझ्या पैंजणाला कान लावून ऐकायलेला. मी घाबरले, पाय मागं घेतला, तर तो बी पैंजणाच्या मागं मागं सरकला. बाया हसल्या. एकजण कानात म्हणली, मनावर घेऊ नको, तो तसलाच हाय. तसलाच म्हणजे कसला, ते काय कुणी सांगितलं न्हाई. काय सांगू तुमाला, पुढं वीस-बावीस वर्षं ते कुणी सांगितलंच न्हाई, कारण कुणाला ठाऊकच नव्हतं.

माझी सासू, तिला मी आत्याबाई म्हणायचे, ती सांगायची त्याच्या लहानपणाचं. बोलंना, हाक मारली तर वळून बघंना, कडेवर घेतलं तर लाकडासारखा ताठ व्हायचा. मग काय काय केलं बिचारीनं. पोपटानं उष्टावलेला पेरू चारला, त्यानं वाचा फुटती म्हणतेत, तर ह्यानं पेरू थुकला. नारायणगडाला नवस बोलून आली, अनवाणी गेली, अनवाणी आली. एका भगतानं सांगितलं करणी हाय, दुसऱ्यानं सांगितलं बाईनं गिराण पाळलं न्हाई. आता गिराण कुठलं पाळणार, पोटुशी होती तवा ती मेंढरामागं रानात होती, वर सूर्य झाकला का उघडा हे बघायला सवड कुणाला. पण ते तिच्या मनात बसलं ते बसलंच. चाळीस वर्षं ती बाई असं धरून चालली की माझ्यामुळं लेकरू असं झालं. सातव्या वर्षी तो पहिला शब्द बोलला, बांडी. बांडी म्हणजे एक मेंढी होती, काळ्यापांढऱ्या अंगाची. आय न्हाई म्हणला, बा न्हाई म्हणला, बांडी म्हणला. आत्याबाई हसत हसत सांगायची हे, पण पदर डोळ्याला लावून.

आता तो कसा हाय ते सांगते. बोलतो, पण मोजकं. चारातलं एक उत्तर देतो. डोळ्यात डोळे घालून बघत न्हाई, कडंनं बघतो, कोंबडी बघती तसं. जे म्हणाल तेच धरतो. एकदा माझ्या भाच्याच्या लग्नाला नेलतं, तिथल्या यजमानानं हात जोडून सांगितलं, पाव्हणं, घर आपलंच समजा. हा सरळ आत गेला, नव्या नवरीच्या पलंगावर चादर ओढून झोपला. उठवायला गेले तर म्हणतो, घर आपलं हाय. मांडवभर हसू, आन आत्याबाईचं तोंड एवढंसं. मी म्हणलं, चूक कुणाची हाय, त्यानं म्हणलं कशाला आपलं समजा.

आन कामाला म्हणाल तर असा माणूस पंचक्रोशीत न्हाई. लोकर कातरायला तो बसला की बघत राहावं. आमच्यात वर्षातून दोन डाव मेंढरं कातरतेत. आधी नदीच्या डोहात घालून धुवायची, मग एक पुरा दिवस चांगल्या उन्हात वाळवायची, मगच कातर लावायची, कारण मळक्या लोकरीत कातर आडती आन कातडं फाटतं. मेंढी दोन गुडघ्यात धरायची, घट्ट, ढिली धरली की ती जास्त बुजती. बिभीषणाच्या गुडघ्यात मेंढी अशी गप पडून राहती जशी आईच्या मांडीवर हाय. एक ओरखडा न्हाई, एक टिपूस रगत न्हाई. दुसऱ्या वस्तीवरचे लोक सुगीसारखं सांगून ठेवतेत, आमच्याकडं बिभीषणच पाहिजे. एवढं असून गावात नाव काय, तर खुळा बिभ्या.

आता जे सांगायला नको वाटतं ते सांगते. बारा वर्षांमागं सासरे वारले. दहाव्याला नदीवर सगळ्या लेकांनी, पुतण्यांनी मुंडण करायची आमची रीत. बिभीषण डोक्याला कुणाचा हात लावू देत न्हाई, केस वाढले की आपले आपणच दाबून दाबून, कसे बी कापतो. त्यादिवशी न्हावी जवळ आला तसा हा उठून पळाला. भावकीतले लोक म्हणले, बापाच्या दहाव्याला डोक्यावर केस ठेवतो का बे. चौघांनी धरला, दोघांनी हात, दोघांनी पाय. पाय धरणाऱ्यांत मालक बी होते, खोटं कावून सांगू. न्हावी आमचे दगडूमामा, म्हातारा माणूस, ते म्हणत होते, सोडा रे, वस्तरा लागंल, पण ऐकतंय कोण. कानाच्या वर कापलं. मी नदीवर नव्हते, आमच्यात बाया जात न्हाईत, पण त्याचं ओरडणं वस्तीपर्यंत आलं. मेंढरं उठून उभी राहिली वाड्यात.

त्यानंतर तीन महिने तो घरात आला न्हाई. रानातच मेंढरापाशी. कुणी दहा हातांच्या आत गेलं की उठून तेवढंच लांब जायचा. कुणाच्या हातचं खाईना. त्या साली मेंढरं त्यानं कातरली न्हाईत, दुसऱ्याला कातरू बी दिली न्हाईत, लोकर गठळून गेली. आत्याबाई रडायची. मग मी भाकरी एका दगडावर ठेवून लांब जाऊन पाठमोरी बसायला लागले. पहिल्या दिवशी त्यानं खाल्ली न्हाई. दुसऱ्या दिवशी मोडलेल्या भाकरीकडं बघितलं आन साजरी पूर्ण भाकर उचलली. मी म्हणलं, अगं बाई, ह्याला मोडलेली चालत न्हाई. घरी आले आन शाळेच्या जुन्या वहीत लिवलं: भाकरी मोडायची न्हाई. ही त्या यादीची पहिली ओळ.

मग वहीच भरत गेली. दूध आन भाकरी एका ताटात एकमेकाला लागू द्यायची न्हाई. नवा सदरा दहा वेळा धुऊन, गळ्याची पट्टी उसवून मगच द्यायचा. मिक्सर तो घरात असताना लावायचा न्हाई, मेंढरांच्या घंट्या चालतेत, लग्नातला डीजे चालत न्हाई. मागून हात लावायचा न्हाई. चल पटकन म्हणायचं न्हाई, आधी काय होणार, मग काय होणार, शेवटी काय होणार, असं तीन बोटांवर सांगायचं. लोक म्हणायचे, एवढी यादी माणसाची असती का. मी म्हणायचे, तुमची बी असती, फक्त तुमची बायको ती मनात ठेवती.

सहा वर्षांमागं माझी लेक अश्विनी बीडला नर्सिंगला होती. सुट्टीला आली आन ती वही वाचत बसली. वाचून झाल्यावर म्हणली, मम्मी, हे आमच्या पुस्तकात हाय. मी म्हणलं, माझी वही तुमच्या पुस्तकात कशी. ती म्हणली, न्हाई गं, काकाला जे हाय त्याला ऑटिझम म्हणतेत, मराठीत स्वमग्नता. मला तो मराठी शब्द पटला न्हाई, अजून पटत न्हाई. स्वतःत मगन असायला तो काय ध्यान लावून बसलाय का, त्याला तर आपल्यापेक्षा जास्त ऐकू येतं, जास्त वास येतो, जास्त टोचतं. पण नाव मिळालं हे खरं.

सरकारी दवाखान्यात गेलतो मग, मी, आत्याबाई आन तो. आठ दिवस आधीपासून मी त्याला बोटांवर सांगत होते, यष्टी, मग बाकडं, मग डॉक्टर, मग यष्टी. डॉक्टरीण तरणी पोर होती. तिनं त्याला हात लावला न्हाई. खुर्ची सोडून खाली बसली, आन दोन तास आत्याबाईला इचारत होती, लहानपणी रांगला कधी, हसला कधी, खेळायचा काय. आत्याबाईला सगळं याद. शेवटी डॉक्टरीण म्हणली, हे जन्मतःच असतं, मेंदूची घडणच वेगळी असती, कुणाच्या चुकीनं होत न्हाई. आत्याबाई म्होरं सरकली. मग हळूच इचारलं, बाई, गिराणाचं काय न्हाई ना. डॉक्टरीण म्हणली, काही न्हाई, आजी. माझ्या दुधाचं? न्हाई. मी त्याला रानात बाळंत झाले, त्याचं? न्हाई, न्हाई. आत्याबाईनं तिथंच भुईवर डोकं टेकवलं आन अशी रडली, अशी रडली, की बिभीषण उठून दाराबाहेर गेला, त्याला रडण्याचा आवाज सोसत न्हाई. मी बी रडले. चाळीस वर्षं त्या बाईच्या डोक्यावर धोंडा होता आन तो एका न्हाईनं उतरला.

गावात आलो तर जो तो इचारी, काय सांगितलं डॉक्टरनं. मी म्हणलं, ऑटिझम. मग औषध काय दिलं? औषध न्हाई त्याला. मग इंजेक्शन? ते बी न्हाई. कधी बरा होणार? बरा व्हायचा प्रश्न न्हाई, तो आजारीच न्हाई. आमच्या भावकीचे वडीलधारे रामकिसननाना पारावर बसले होते, ते म्हणले, म्हणजे दोघी सासवा-सुना यष्टीत बसून तालुका जिल्हा फिरून आल्या आन पोरगा होता तसाच आणला माघारी. मी म्हणलं, नाना, पोरगा तोच आणला, आमी बदलून आलो. त्यांना ते कळलं न्हाई, पण आत्याबाईला कळलं. ती त्यादिवसापासून कुणी खुळा म्हणलं की पायातली वहाण हातात घ्यायची.

आता मुद्द्यावर येते. आमच्यात बापाचं क्रियाकर्म थोरल्यानं करायचं आन आईचं धाकट्यानं. आत्याबाईनं दोन वर्षं आधीपासून सांगून ठेवलं होतं, मला, मालकाला, पारावर नानाला बी, की माझं पाणी बिभीषणाच्या हातचं. सगळे हो हो म्हणायचे, जितं माणूस बोलतं तवा हो म्हणायला काय जातंय. गेल्या साली पौषात ती गेली. सकाळी चहा पिली, उन्हाला बसली, आन बसल्या जागीच गेली. चांगलं मरण आलं.

सरणापाशी मी बिभीषणाला आधीच बोटांवर सांगितलं होतं, मडकं खांद्यावर, तीन फेऱ्या, मग मडकं टाकायचं, मग आग. त्यानं सगळं बिनचूक केलं. रडला न्हाई. बाया कुजबुजल्या, दगड हाय, आई गेली तरी टिपूस न्हाई. मी बघितलं ना पण, घरी आल्यावर तो वाड्यात गेला आन एकेका मेंढीच्या मानेत तोंड खुपसून बसला, एक झाली की दुसरी, साठ मेंढरं. त्याचं रडणं ते होतं. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं.

तिसऱ्या दिवशी नाना आले. म्हणले, अंकुश, दहाव्याचं काय. पिंड ठेवणाऱ्यानं मुंडण केलं पाहिजे, बिगर मुंडणाचा पिंड चालत न्हाई. बिभ्याला धरावं लागंल. चार गडी मी सांगतो. मी आतून बाहेर आले. म्हणलं, नाना, धरायचं न्हाई. नाना म्हणले, सूनबाई, हे गड्यांचं काम हाय. मी म्हणलं, मागच्या डावाला गड्यांनी केलं ते, तीन महिने भाकरी मी दगडावर ठेवली. नाना म्हणले, मग अंकुश करील सगळं, थोरला हाय, कोण काय म्हणतंय. मालक खाली मान घालून बसले होते. मी म्हणलं, आत्याबाई म्हणंल. तिनं काय मागितलं होतं जन्मात, एवढंच मागितलं होतं. नाना उठले. म्हणले, दहाव्याच्या सकाळपर्यंत बघतो, डोकं झालं तर झालं, न्हाई तर थोरला बसंल न्हाई तर चार गडी.

मग मी वही काढली. दगडूमामांच्या घरी गेले, पाया पडले. मामा म्हणले, पोरी, तो वस्तरा माझ्या हातानं लागला, बारा वर्षं झाली, मला अजून ते आठवतं. सांग काय करू. मी सगळं ठरवून लिवलं होतं. चौथ्या दिवशी मामांनी नुसतं यायचं, लांब बसायचं, बिडी ओढायची, जायचं. पाचव्या दिवशी पेटी उघडून ठेवायची. सहाव्या दिवशी शेजारच्या वस्तीवरच्या, सुतक नसलेल्या गड्याची दाढी त्याच्यासमोर करायची. सातव्या दिवशी त्याच्या जवळ. मशीन आणायचं न्हाई, आवाज होतो. पाणी कोमट. हात लावायच्या आधी सांगायचं. एवढी चोख यादी मी शाळेच्या तपासणीला बी केली नव्हती. सहाव्या दिवसापर्यंत सगळं यादीबरहुकूम. सातव्या दिवशी मामांनी हात पुढं केला आन बिभीषण असा उठून पळाला की पेटी उलटी. मामा म्हणले, पोरी, माझ्यानं न्हाई व्हायचं. मालक म्हणले, जाऊ दे लता, मी बसतो दहाव्याला. आन मी, जी सहसा रडत न्हाई, चुलीम्होरं बसून रडले. यादीत काय राहिलं तेच कळंना.

आठव्या दिवशी सकाळी मेंढरापाशी गेले. काही बोलायचं नव्हतं, नुसती बसले, हात दीड हात सोडून. मग म्हणलं, भावजी, मला समजंना झालंय, तूच सांग, केस कावून कापू देत न्हाईस. काय सांगू तुमाला, अठ्ठावीस वर्षं झाली मला ह्या घरात, वह्या भरल्या, डॉक्टरला सांगितलं, पोरीला सांगितलं, मामांना सांगितलं, पण त्यालाच इचारलं असं हे पहिल्यांदाच. तो मेंढीच्या पाठीवर हात फिरवत होता. म्हणला, न्हाणं न्हाई. म्हणला, वाळलं न्हाई. मग म्हणला, आधी न्हाणं, मग कातर. वस्तरा आधी, न्हाणं मागून. चूक.

माझ्या अंगावर काटा आला. दहाव्याला नदीवर काय असतं, आधी मुंडण, मग आंघोळ. सगळ्या गावाची रीत ती. आन ज्यानं जन्मभर मेंढरं कातरली त्याला ठाऊक, न धुता, मळकंच कातरलं की कातडं फाटतं. आन त्याचं फाटलंच की त्यादिवशी. तो भीत नव्हता नुसता, त्याच्या लेखी आमीच अडाणी होतो, ज्यांना कातरायची रीत ठाऊक न्हाई. मी म्हणलं, मग धुवायचं आज? तो म्हणला, आज धू. उद्या ऊन. परवा कातर. बोटांवर सांगितलं त्यानं मला, तीन बोटं. मी म्हणलं, कातरायचं कुणी? दगडूमामा? त्यानं मान हलवली. अंक्या, म्हणला. धर घट्ट.

मालकांना सांगितलं. म्हणले, मी? मी तर पाय धरले होते त्याचे. मी म्हणलं, म्हणूनच असंल, तुमी घट्ट धरता हे त्याला ठाऊक हाय. हसावं का रडावं कळंना आमाला दोघांना. त्याच दुपारी बिभीषण रिठे घेऊन डोहात उतरला, पौषातलं पाणी, डोकं धुतलं, मेंढी धुवावी तसं, कानामागून, मानेखालून. नववा दिवस उन्हात बसून राहिला. मधूनच केस चिमटीत धरून बघायचा, वाळले का.

दहाव्याला मी नदीवर गेले. बाया जात न्हाईत म्हणलं ना, मी गेले. नाना म्हणले, सूनबाई, हे काय. मी म्हणलं, नाना, मी काठावर उभी राहते, मला काही करायचं न्हाई. भावकी सगळी जमलेली, ते चार गडी बी बाह्या सारून उभे. बिभीषण आला, कमरेला आपली कातर. ती मालकांच्या हातात दिली. मालक वाळूत बसले, हा त्यांच्या म्होरं पाठमोरा बसला, आन मालकांनी दोन्ही गुडघ्यांत त्याचे खांदे धरले, घट्ट. कातर लावली ती मानेपासून वर, जशी मेंढीला लावतेत. नदी वाहती तेवढाच आवाज आन कातरीचा कचकच. बिभीषणानं डोळे मिटले होते. मालकांच्या डोळ्यातून पाणी त्याच्या डोक्यावर पडत होतं, आन मला भीती, ह्याला ओलं चालत न्हाई आता, ह्याला वाळलेलं पाहिजे. पण तो हलला न्हाई.

झालं. पण कातरीनं काय वस्तऱ्यासारखा गोटा होत न्हाई, बारीक खुंट राहतेतच. नाना जवळ येऊन बघून म्हणले, हे मुंडण न्हाई झालं. शास्त्रात बसत न्हाई. माझा जीव गेला. तेवढ्यात दगडूमामा उठले. ऐंशीच्या घरातला माणूस, काठी टेकत आले, बिभीषणाच्या डोक्याकडं लांबूनच, हात न लावता, वाकून बघितलं. म्हणले, रामकिसन, तुझ्या बापाचं डोकं मी केलं, तुझ्या आईच्या दहाव्याला तुझं मी केलं. न्हावी कोण हाय हितं, तू का मी? नाना म्हणले, तुमीच. मामा म्हणले, मग मी सांगतो, मुंडण झालं. पाणी घाला पोराला, उशीर व्हायला.

पुढचं सगळं सरळ झालं. बिभीषणानं पिंड ठेवला, पाणी सोडलं, भटजींनी जेवढ्या वेळा सांगितलं तेवढ्याच वेळा, एक जास्त न्हाई एक कमी न्हाई. कावळ्याचं इचारू नका, आमच्या शिवारात कावळे राहिलेत कुठं, गाईला घातलं. घरी आल्यावर तो घरातच जेवला. तीन महिने सोडा, तीन मिनिटं बी रानात पळाला न्हाई. पूर्ण भाकर खाल्ली आन मालकांच्या शेजारी बसला, हातभर अंतर सोडून. त्याचं शेजारी बसणं तेवढंच असतं.

आता हे असं नका लिवू की सगळं गोड झालं. अजून यात्रेत पोरं त्याच्या कानाजवळ पिपाणी वाजवून पळतेत. अजून भरल्या बाजारात त्याला सोसंना झालं की तो जमिनीवर बसून कान दाबतो, आन लोक म्हणतेत पिलाय. मी दर खेपेला सांगते, पिला न्हाई, आवाज लागतोय त्याला, जरा बाजूला व्हा. निम्मे बाजूला होतेत. पूर्वी कुणीच होत नव्हतं. शाळेत औंदा एक लेकरू आलंय पहिलीला, ताटात भात-वरण कालवलं की किंचाळतं. नव्या बाई म्हणल्या लाडावलेलं हाय. मी त्याला वेगळ्या वेगळ्या वाटीत दिलं, गप खाल्लं. त्याच्या आईला वही दाखवली, ती बसून उतरवून घ्यायली. मी म्हणलं, उतरव, पण माझ्यासारखं करू नको, आधी पोराला इचार.

ह्या चैताला नानांची मालकीण वारली. दुसऱ्या दिवशी नानांचा नातू वस्तीवर आला सायकलवर. म्हणला, लताकाकू, आजोबानं सांगितलंय, दहावा मंगळवारी हाय, बिभीषणकाकाला रविवारी न्हाऊ घाला. मी दारातच बसले खाली. पोरगं म्हणलं, काय झालं काकू. मी म्हणलं, काही न्हाई रे, जा, सांग घालते म्हणून.

आत्याबाई नेहमी म्हणायची, देवा, माझ्या आधी ह्याला न्ये, मागं कोण बघंल. ज्यांच्या घरी असं लेकरू हाय त्या सगळ्या आया हेच म्हणतेत, दवाखान्यात बाकड्यावर बसल्यावर ऐकलंय मी. तिचं चुकलं असं न्हाई म्हणत. पण मी तसं मागत न्हाई. मी म्हणते, त्याला त्याचं पुरं आयुष्य मिळू दे, आमाला आमचं, आन कोण आधी कोण मागं ते ज्याचं त्यानं ठरवावं. गावाला आता एक रीत ठाऊक झालीय, तेवढी मोडू नये. बाकी काय मागायचं.

लिवलं का एवढं? मग उठा आता, मला तांदूळ निवडायचाय, दहाला शाळेची घंटा होती. चहा पिऊन जा.